फक्त आमच्याच घरचे गेलेत

नीलांबरी रानडे खोटं बोलणाऱ्यांतली बाई नव्हती. म्हणजे आपण सगळे बोलतो तेवढंच बोलायची. कुणाची बेचव भाजी चाखून ‘छान झालीये गं’ म्हणणं, नको असलेल्या आमंत्रणाला ‘अय्या, नेमकं त्याच दिवशी!’ म्हणणं, इतपत. त्यामुळे २००७ सालच्या जानेवारीत, एका शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता, हातात वाफाळता चहाचा कप घेऊन ती फोनवर जे बोलून गेली, त्याचं तिला स्वतःलाच सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं.

ॲन आर्बरला आदल्या रात्रभर पाऊस पडत होता. हा साधा पाऊस नव्हे. पडताना पाणी आणि टेकताक्षणी बर्फ, असला मिशिगनचा पाऊस. झाडांच्या फांद्या काचेच्या झाल्या, त्या वजनाने मोडून तारांवर पडल्या, आणि पहाटेपर्यंत अर्धं गाव अंधारात गेलं. नीलांबरीचं घर मात्र उजळलेलं होतं. सहा महिन्यांपूर्वी तिने आणि रवींद्रने नव्या वसाहतीत घर घेतलं होतं, आणि तिथल्या तारा जमिनीखालून गेलेल्या होत्या. घरात सत्तर डिग्री फॅरनहाइट, म्हणजे छान उबदार, रवींद्र टोस्ट खात पेपर वाचतोय, आठ वर्षांची सई कार्टून बघतेय, कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या. असं सगळं छान चाललेलं असताना उल्काचा फोन आला.

उल्का नदीपलीकडे भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहायची. तिचा नवरा मोरेश्वर विद्यापीठात पीएचडी करत होता. चार वर्षांपूर्वी ती लग्न करून आली तेव्हा विमानतळावर तिला आणायला नीलांबरी गेली होती, आणि तिचा कृष्णा जन्मला तेव्हा डिंकाचे लाडू घेऊन दवाखान्यात पोचणारी पहिलीही नीलांबरीच. तेव्हापासून उल्का तिला ताई म्हणायची आणि महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना सांगायची, की माझं माहेर ॲन आर्बरलाच आहे. नीलांबरीला हे ऐकायला फार आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

“ताई,” उल्का म्हणाली, “आमचे लाइट रात्री दोनला गेलेत. हीटर बंद. कृष्णाला आम्हा तिघांच्या मधे घेऊन बसलोय. तुमच्याकडे आहेत का हो?”

एवढ्यात नीलांबरीची नजर वर गेली. बैठकीच्या खोलीच्या छतावर चहाच्या रंगाचा, परातीएवढा डाग होता. तो दिवाळीचा. दिवाळीला ही मंडळी जेवायला आली होती. मोरेश्वरचे वडील पुरुषोत्तमकाका तेव्हा नुकतेच भारतातून आलेले. जेवणाआधी पाय धुवायचे म्हणून ते वरच्या बाथरूममध्ये गेले आणि टबच्या बाहेर उभं राहून मगाने चांगलं पाच-सहा मग पाणी पायांवर घेतलं. बाथरूम म्हटलं की पाणी जायला जागा असणारच, हा त्यांचा हिशेब. इथल्या बाथरूममध्ये ती नसते. पाणी झिरपून खालच्या छतात उतरलं. त्याच दिवशी दोन वर्षांच्या कृष्णाने वरणाचा हात नव्या कोऱ्या क्रीम रंगाच्या कार्पेटवर चारदा पुसला. नीलांबरी हसून ‘असू दे हो काका, लहान मूल आहे’ म्हणाली होती, आणि रात्री रवींद्रला तिने तासभर ऐकवलं होतं.

तर तो डाग तिला दिसला. मग तिला चार माणसं दिसली, चार दिवस. ओले पाय, वरणाचे हात, सोफ्यावर वाळत घातलेले पायमोजे. आणि तिच्या तोंडून गेलं, “नाही गं. आमचेही गेलेत. रात्रीपासून.”

ते ‘रात्रीपासून’ तर कुणी विचारलंही नव्हतं.

“अगबाई!” उल्काचा आवाज एकदम बदलला. स्वतःची थंडी ती विसरूनच गेली. “आणि तुमची तर शेगडीपण इलेक्ट्रिकची! मग तुम्ही काही खाल्लंत का? चहा तरी? सई कशी आहे? ताई, आमचा गॅस काडीने पेटतो. मी खिचडी टाकते आणि पाठवते मोरूबरोबर.”

“नको नको,” नीलांबरी घाईघाईने म्हणाली. “रस्ते बघ कसे झालेत. आमचं होतंय गं व्यवस्थित.”

फोन ठेवला तेव्हा रवींद्रने पेपर खाली केला होता. रवींद्र गरीब माणूस. भांडणाची चाहूल लागली की लॉन कापायला निघून जायचा, पण जानेवारीत लॉन कुठून आणणार?

“तू आत्ता काय म्हणालीस?”

“काही नाही.”

“नीलू, तुझ्या डोक्यावर दिवा जळतोय.”

“चार दिवस राहतील, रवी. आठवडाही लागेल. मागच्या वेळचं छत अजून रंगवून झालं नाही आपलं.”

“मग राहतील. त्यात काय?”

“तुला काय जातंय ‘त्यात काय’ म्हणायला! पुसायचं कुणी? मंडळात पन्नास घरं आहेत, जातील कुणाकडे तरी. हॉटेलं आहेत.”

रवींद्रने पुन्हा पेपर वर केला. पण तो वाचत नव्हता, हे तिला कळत होतं. तिने चहाचा घोट घेतला. तो गरमच होता आणि त्यातलं आलंही उत्तम लागलं होतं, पण घशाखाली जाईना. तिने कप सिंकमध्ये ओतून टाकला आणि ती स्वतःची समजूत घालत बसली. आपण काही कुणाला घराबाहेर काढलेलं नाही. आपण फक्त बोलावलं नाही. बोलावलं नाही म्हणजे काही पाप नव्हे. हे तिने मनात पुन्हा पुन्हा म्हटलं. ते खरं असतं तर एकदाच पुरलं असतं.

अकराला पुन्हा फोन.

“ताई, आले का तुमचे लाइट?” उल्काच्या आवाजात संशयाचा लवलेश नव्हता, उलट आनंदच होता. “मोरू हॉटेल बघायला गेला होता. कुठ्ठे खोली नाही, सगळी फुल. येताना तो मेन रोडवरून आला ना, तर म्हणतो तुमच्या गल्लीत सगळीकडे दिवे दिसतायत!”

देवाने माणसाला इतकं सोपं दार क्वचितच उघडून दिलं असेल. ‘हो गं, आत्ताच आले, या तुम्ही सगळे’ एवढंच म्हणायचं होतं. आधीचं खोटंही त्यात विरघळून गेलं असतं, कुणाला कळलंही नसतं. नीलांबरीला ते दार दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. पण त्या दारातून आत येणारी चार माणसंही दिसली.

“नाही ना!” ती म्हणाली. “गंमत बघ. सगळ्यांचे आहेत. फक्त आमच्याच घरचे गेलेत.”

“फक्त तुमच्याच? मग काही नाही हो, घरातलाच काहीतरी फॉल्ट असणार! बाबा! ओ बाबा!” उल्का फोन बाजूला करून ओरडली. नीलांबरीला पलीकडची बोलणी तुटक ऐकू आली आणि मग उल्काचा विजयी आवाज. “ताई, बाबा येतायत. चौतीस वर्षं लाइनमन होते ते वीज मंडळात, अख्ख्या अचलपूर तालुक्याच्या तारा त्यांनी ओढल्यात. बॅगेत टेस्टरसुद्धा आणलाय. बूट घालतायत बघा.”

“अगं, नको, काकांना कशाला या बर्फात...”

“निघालेसुद्धा!”

आता जे झालं ते सांगताना सांगणाऱ्यालाही लाज वाटते. पण सांगायला हवं.

नीलांबरी रवींद्रला म्हणाली, “खाली जा आणि मेन बंद कर.”

रवींद्र म्हणाला, “मी नाही करणार.” लग्नाच्या बारा वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारलं असावं. “फोन कर आणि सांग, लाइट आले म्हणून.”

“मग येतील ना ते सगळे!”

“येऊ देत.”

“आणि काय सांगू? दोनदा सांगितलं नाहीत म्हणून! तो मोरेश्वर गल्ली बघून गेलाय. कळेल त्यांना.”

मग ती स्वतःच तळघरात उतरली. भिंतीवरची राखाडी पेटी उघडली. आत छोट्या खटक्यांच्या दोन रांगा आणि सगळ्यांच्या वर एक मोठा, काळा. तो एका हाताने हलेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावून तो ओढला. ठक् असा आवाज झाला आणि घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा इतका वेळ जाणवतही नसलेला घोंघाट एकाएकी थांबला. अंधारात, कठड्याला धरून, चाचपडत ती वर आली.

वर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की घर उबदार आहे. रात्रीपासून लाइट नाहीत म्हणतो आणि घर असं उबदार! काका दारातून आत पाऊल टाकतील आणि त्यांना कळेल. मग तिने खिडक्या उघडल्या. एक एक करून खालच्या सगळ्या, मग वरच्या, मग मागचं काचेचं दार. बाहेर बारा डिग्री फॅरनहाइट, म्हणजे बर्फाच्याही बरंच खाली. पडदे फडफडायला लागले. वरणभाताचा गरम कुकर फडक्यात धरून ती गॅरेजमध्ये ठेवून आली. टेबलावर व्हॅनिलाच्या वासाच्या दोन मेणबत्त्या पेटवल्या, भर दिवसा. वाऱ्याने त्या विझल्या, तिने पुन्हा पेटवल्या.

“आई, व्हाय आर यू ओपनिंग द विंडोज?” सई सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. टीव्ही बंद पडला होता.

“जरा हवा खेळू दे म्हणून.”

“बट इट्स फ्रीझिंग!”

“मग कोट घाल. आणि काका विचारतील तर सांगायचं, लाइट रात्रीच गेले.”

“बट दे डिडन्ट.”

“सई, मोठ्यांच्यात बोलायचं नाही.”

सईने कोट घातला. रवींद्र आला आणि तिच्या शेजारी बसला. तो बायकोकडे बघत नव्हता. कुणी रागावलं असतं तर नीलांबरीला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. ती उघड्या खिडक्यांच्या मधोमध उभी होती आणि तिला स्वच्छ दिसत होतं की आपण काय करतोय. पलीकडे दोन वर्षांचं पोर उबेसाठी तिघांच्या मधे बसवलंय आणि आपण भट्टीची ऊब खिडकीतून बाहेर घालवतोय. दिसत होतं, तरी हात थांबत नव्हता. एकदा तर तिने थर्मामीटरसुद्धा बघितला, पुरेसं गार झालं का म्हणून.

दोन मैलांना त्यांना चाळीस मिनिटं लागली. गाडीचा आवाज आल्यावर तिने धावत धावत खिडक्या लावल्या. ड्राइव्हवेवर काकांचा पाय सटकला आणि ते एका गुडघ्यावर बसले. मोरेश्वरने त्यांना दंडाला धरून उठवलं. दोन स्वेटर, त्यावर मुलाचा जुना कोट, कानटोपी, आणि एक हात कोटाच्या आत. नीलांबरीला वाटलं हाताला लागलं. पण त्यांनी आत आल्यावर तो हात बाहेर काढला तेव्हा त्यात डबा होता.

“खिचडी आहे,” काका म्हणाले. “छातीशी धरून आणली, गरम असेल अजून. आधी पोरीला दे.” मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. तोंडातून वाफ निघत होती. “बापरे! हे तर आमच्यापेक्षा गार आहे घर. रात्रभर लेकरू असं बसलंय?”

त्यांनी स्वतःच्या गळ्यातला मफलर काढला आणि सईच्या गळ्याभोवती दोनदा गुंडाळला. सईचं नाक लाल झालं होतं. तिने आईकडे बघितलं आणि ती काही बोलली नाही. लेकीचं ते गप्प राहणं नीलांबरीला फोनवरच्या दोन्ही थापांहून जड गेलं.

डबा ठेवायला म्हणून काका ओट्याशी गेले. शेगडीची काच त्यांना ओट्याचाच भाग वाटली असावी. त्यांनी डबा तिच्यावर ठेवला, शेजारी तळवा टेकवला, आणि हात तिथेच राहू दिला. मग दुसराही हात टेकवला. काच अजून कोमट होती. कुकर तिथेच होता ना तासापूर्वी. म्हातारा माणूस दोन्ही तळवे टेकवून क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यांनी हात चोळले आणि विचारलं, “मेन कुठे आहे?”

तळघरात चौघं उतरले. रवींद्रच्या हातात बॅटरी, मागे नीलांबरी, शेवटी मोरेश्वर. काकांनी खिशातून टेस्टर काढला, पेटी उघडली, आणि टेस्टर न लावता नुसतेच बघत राहिले. खालचे खटके सगळे चालू. वरचा मोठा तेवढा बंद.

“कुणी हात लावला होता का याला?” काकांनी विचारलं.

रवींद्रने बॅटरी दुसऱ्या हातात घेतली.

“नाही,” नीलांबरी म्हणाली.

काकांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, “बरं. ट्रिप झाला असेल, आपोआप. होतं असं थंडीचं.” आणि एका अंगठ्याने त्यांनी खटका वर केला.

भट्टी गुरगुरली. वर टीव्हीतून कुणीतरी हसलं. “आले! क्या बात है बाबा, दोन मिनिटांत, यार!” म्हणत मोरेश्वर जिना चढत गेलासुद्धा आणि वर पोचेपर्यंत त्याने उल्काला फोन लावला. “बाबांनी लावले! हो, फक्त ब्रेकर ट्रिप होता. घे, ताईंशी बोल.”

“ताई, सुटले बाई मी!” उल्का म्हणाली. “सईची इतकी काळजी वाटत होती. आता छान गरम गरम काहीतरी करा, आणि खिचडी राहू द्या संध्याकाळला.”

आणि ती थांबली. तिने विचारलं नाही. आम्ही येऊ का, एवढे तीन शब्द तिच्या ओठांवर असणार, पण तिने विचारलं नाही. मागून कृष्णाच्या खोकल्याचा आवाज आला.

“उल्का,” नीलांबरी म्हणाली. “तुम्ही सगळे इकडेच या. आत्ताच्या आत्ता. मोरेश्वर तुला न्यायला येतोय.”

“खरंच?” आणि उल्का रडायलाच लागली. “मी नव्हते विचारणार हो ताई. तुमच्यावर भार नको म्हणून.”

ते तीन दिवस राहिले. नीलांबरीला वाटलं होतं, आता भरपूर सेवा करू, तूप घालून जेवू घालू, आणि हे मनातलं धुऊन निघेल. तिने पुरणपोळ्या केल्या. स्वतःची गादी उल्काला दिली. कृष्णाला मांडीवर घेऊन भरवलं. पण तसं काही झालं नाही, कारण काका.

काका काही बोलत नव्हते. नेहमीसारखेच हसत होते, सईला अचलपूरच्या माकडांच्या गोष्टी सांगत होते. पण पहिल्याच संध्याकाळी त्यांनी बॅगेतून जुनी चादर काढली, कार्पेटवर पसरली आणि कृष्णाला तिच्यावर बसवलं. तो चादरीच्या कडेशी पोचला की ते त्याला उचलून पुन्हा मधोमध ठेवायचे, दिवसभर. दिवाळीत ज्या माणसाने आंघोळीशिवाय चहा घेत नाही असं सांगितलं होतं, तो दोन दिवस ‘थंडीची कसली आंघोळ’ म्हणत टाळत राहिला. तिसऱ्या दिवशी नीलांबरीने फार आग्रह केला तेव्हा ते गेले. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात म्हणून ती बघायला गेली, तर दार अर्धवट उघडं होतं. आंघोळ आटपून, कपडे करून, काका एका गुडघ्यावर बसून स्वतःच्या पंच्याने फरशी पुसत होते. ड्राइव्हवेवर आपटलेला गुडघा त्यांना टेकवत नव्हता, म्हणून एक पाय बाजूला लांब केला होता. फरशी आधीच कोरडी होती. तरी ते कोपरे पुसत होते. ती पाऊल न वाजवता मागे फिरली आणि स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. तिथे उल्का फोनवर कुणाला तरी सांगत होती, “अगं, ताईंनी स्वतःहून बोलावलं. त्यांचे लाइट येऊन एक मिनिट झालं असेल नसेल. अशी माणसं मिळत नाहीत गं परदेशात.”

हे ऐकणारी ही तिसरी मैत्रीण होती. पुढच्या आठवड्यात मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आणि तोवर ही गोष्ट पन्नास घरांत पोचणार होती. पोळी तव्यावर करपेपर्यंत नीलांबरी तशीच उभी राहिली.

मंगळवारी दुपारी उल्काकडचे लाइट आले. सामान भरायला सुरुवात झाली. काका वरच्या खोलीत पांघरुणांच्या घड्या घालत होते. नीलांबरी आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

“काका, मला तुमच्याशी बोलायचंय.”

“नको बोलूस, बेटा.”

“नाही, मला बोलू द्या. त्या दिवशी...”

“ट्रिप झालेला खटका मधेच लटकतो,” काका घडीकडेच बघत म्हणाले. “पार खाली जात नाही. खाली जायला माणसाचा हात लागतो.”

नीलांबरी पलंगाच्या कडेवर बसली. गेले तीन दिवस ‘त्यांना कळलं नसेल’ या एका आशेवर ती उभी होती.

“तुम्हाला तेव्हाच कळलं?”

“शेगडीवर हात ठेवला तेव्हा शंका आली. खाली जाऊन खात्री झाली.” त्यांनी घडी बाजूला ठेवली. “वाईट वाटलं मला. नाही कशाला म्हणू? क्षणभर वाटलं, खटका तसाच ठेवावा, पेटी लावावी आणि सांगावं, काही समजत नाही बुवा मला इथलं. आणि जावं आपल्या घरी.”

“मग का लावलात?”

“तुझी पोर गारठली होती ना.”

नीलांबरी रडायला लागली. काकांनी तिला रडू दिलं. जवळ आले नाहीत, पाठीवर हात ठेवला नाही, तेही बरोबरच होतं.

“मी उल्काला सांगते,” ती डोळे पुसत म्हणाली. “आत्ता सांगते, तुमच्यासमोर. तिची माफी मागते. ती सगळीकडे माझं कौतुक करत सुटलीये काका, मला ऐकवत नाही.”

“काही सांगायचं नाही.”

“पण...”

“तू सांगशील, रडशील, मोकळी होशील. ती काय करेल?” काकांचा आवाज चढला नाही, पण चौतीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसांना ‘हात लावू नको’ सांगणारा तो आवाज होता. “आई नाही तिला. लग्नाच्या आधीच गेली. माझी बायको गेली तेव्हापासून सासूही नाही. या गावात तिला एक तू आहेस. ते तिच्याकडून काढून घेऊ नको. तुला ऐकवत नसेल, तर नसू दे. ऐकून घे.”

खालून मोरेश्वरने हाक मारली. काकांनी पांघरुणं तिच्या हातात दिली आणि कठडा धरून, दुखरा गुडघा सांभाळत ते जिना उतरले.

दारात नेहमीसारखा गोंधळ झाला. सईने मफलर परत दिला, काकांनी तो पुन्हा तिच्याच गळ्यात घातला. रवींद्रने बॅगा गाडीत ठेवल्या. काका पुढच्या सीटवर बसले, कृष्णाला मागे लहान मुलांच्या सीटमध्ये बांधलं. उल्का मात्र गाडीत बसता बसता परत फिरली, बर्फावरून जपून पावलं टाकत दाराशी आली आणि तिने नीलांबरीला घट्ट मिठी मारली.

“ताई, एक सांगू? रागावणार नाही ना?”

“सांग की.”

“तुमच्या गल्लीत दिवे आहेत असं मोरू म्हणाला ना, तेव्हा तो जरा वेडंवाकडंच बोलला हो तुमच्याबद्दल. लाइट असतील, पण आपल्याला टाळत असतील, असं.” उल्काला सांगतानाही अवघडल्यासारखं झालं होतं. “मी इतकी भांडले त्याच्याशी! म्हटलं, ताईंना ओळखत नाहीस तू. त्यांच्याकडे लाइट असते ना, तर माझ्याआधी त्यांचाच फोन आला असता. हो की नाही?”

गाडीच्या काचेतून काका सरळ समोर बघत होते.

“हो गं,” नीलांबरी म्हणाली.